जलविभाजकावरील जिल्हा : वाशीमच्या संस्कृतीची जडणघडण

वाशीम तालुक्यातील काटा गावाच्या परिसरात उगम पावणारी काटेपूर्णा नदी उत्तरेस अकोला जिल्ह्यात उतरते आणि पूर्णा व तापी यांच्या द्वारे अरबी समुद्रास मिळते. त्याच पठाराच्या दक्षिण उतारावरील पाणी पैनगंगेत जाते व वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या मार्गाने बंगालच्या उपसागरास पोहोचते. एकाच जिल्ह्याचे पाणी दोन समुद्रांना वाटले जाते. या जिल्ह्याच्या संस्कृतीचेही काहीसे असेच आहे. तिचे प्रवाह निरनिराळ्या दिशांनी आले आणि येथे एकत्र नांदले.

घाटावरचा मुलूख

जुन्या वऱ्हाडात पूर्णेच्या खोऱ्याला पायनघाट आणि दक्षिणेकडील उंच पठाराला बालाघाट म्हणत. पायनघाटात खोल काळी जमीन सलग पसरलेली आहे. बालाघाटात मात्र नदीकाठी भारी आणि माथ्यावर हलकी, मुरमाड जमीन असा क्रम आढळतो. त्यामुळे खोऱ्यात ज्वारी, कापूस व तूर, तर माळावर गवत आणि गुरे अशी विभागणी झाली. गेल्या काही दशकांत सोयाबीनने यांपैकी बरेच क्षेत्र व्यापले आहे. शेतकरी आणि गुरे पाळणारा भटका समाज हे दोघेही या भूमीवर शेजारी शेजारी का वसले, याचे एक कारण या जमिनीतच आहे.

वत्सगुल्म ते वाशीम

आजचे वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. इसवी सनाच्या चौथ्या शतकात वाकाटक सम्राट पहिला प्रवरसेन याचा पुत्र सर्वसेन याने येथे स्वतंत्र शाखेची राजधानी स्थापिली. ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य त्याच्याच नावावर आहे. या शाखेतील हरिषेणाच्या काळात अजिंठ्याच्या काही लेण्यांचे काम झाले. 1939 मध्ये उजेडात आलेल्या वाशीम ताम्रपटात राजवंशाचे वर्णन संस्कृतात, तर दानाचा व्यवहार प्रामुख्याने प्राकृतात लिहिलेला आहे. प्रतिष्ठेची भाषा एक आणि लोकव्यवहाराची दुसरी, ही जाण त्या काळच्या कारभारातही होती.

या ताम्रपटात दान दिलेले गाव नान्दीकट, म्हणजे आजच्या नांदेडच्या परिसरातील होते. याचा अर्थ, पैनगंगा ही त्या काळी सीमा नव्हती. ती राज्याच्या मध्यभागातून वाहणारी नदी होती.

नदी सीमा झाली

अकबराच्या वऱ्हाड सुभ्यात वाशीम हे सरकारचे ठिकाण होते. अठराव्या शतकात येथील कापडाचा लौकिक एवढा होता, की 1769 च्या पेशवे व नागपूरकर भोसले यांच्यातील कनकापूरच्या तहात वाशीम व बाळापूर येथील कापडाचा उल्लेख आला. पुढे 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला आणि पैनगंगेचा काठ दोन राजवटींची सीमा बनला. दक्षिणेकडे हैदराबाद संस्थानात उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली. उत्तरेकडे शाळांतून व कचेऱ्यांतून मराठी चालली. दोन्ही काठांची माती एक, पिके एक, देवदैवते बहुतांशी एक. तरीही कागदपत्रांची भाषा आणि शिक्षणाची वाट वेगळी झाली. हे दोन्ही काठ 1956 मध्ये पुन्हा एका राज्यात आले. भूगोल शक्यता निर्माण करतो. त्यांपैकी कोणती प्रत्यक्षात उतरेल हे पुष्कळदा इतिहास ठरवितो, याचे हे बोलके उदाहरण होय.

कारंजा आणि पोहरादेवी

व्यापारी मार्गांवरील कारंजा लाड हे तटबंदी आणि वेशींचे गाव. गुरुचरित्रानुसार श्रीनृसिंह सरस्वतींचा जन्म येथे झाला. याच गावात दिगंबर जैन भट्टारकांची पीठे होती आणि त्यांच्या भांडारांत शतकानुशतके हस्तलिखिते जपली गेली. विसाव्या शतकात येथील पोथ्यांवरून अपभ्रंश भाषेतील काव्ये संपादित होऊन प्रसिद्ध झाली, तेव्हा मराठीच्या पूर्वेतिहासाच्या अभ्यासाला मोलाचे साधन मिळाले. व्यापाऱ्याच्या पेढीने विद्येचे भांडार पोसले, असे येथे म्हणता येईल.

मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. संत सेवालाल महाराजांची समाधी येथे असून रामनवमीला मोठी यात्रा भरते. बैलांच्या तांड्यांवरून धान्य व मीठ वाहणाऱ्या या समाजाचा व्यवसाय रेल्वे आणि पक्क्या सडकांमुळे एकोणिसाव्या शतकात बसला. तांडे माळावर स्थिरावले व लमाण शेतकरी झाला. परंतु त्याची गोरमाटी बोली, वेशभूषा आणि तांड्याच्या नायकाची परंपरा टिकून राहिली.

आजचा प्रश्न

1905 मध्ये अकोल्यात विलीन झालेला वाशीम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी सहा तालुक्यांसह पुन्हा अस्तित्वात आला. प्रशासकीय ओळख परत मिळाली; सांस्कृतिक ओळखीचा प्रश्न मात्र रोजच्या व्यवहारात सुटावयाचा आहे. तांड्यातील मूल घरी गोरमाटी बोलते, गावात वऱ्हाडी ऐकते आणि शाळेत प्रमाण मराठी वाचते. ‘मले’ म्हणणाऱ्या किंवा ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ म्हणणाऱ्या मुलाला अशुद्ध ठरविले, तर ते प्रथम बोलणे सोडते आणि पुढे शाळाही सोडण्याचा संभव असतो. त्याच्या बोलीला वर्गात स्थान देऊन प्रमाण भाषेकडे नेणारा शिक्षक त्याचे शिक्षण वाचवितो.

हीच दृष्टी ग्रामपंचायतीच्या आराखड्यातही हवी. गावापासून दूर असलेल्या तांड्याचे पाणी आणि रस्ता यांचा विचार गावाच्या विचाराबरोबरच व्हावा. जुन्या बारवा, वेशी, शिलालेख व घरोघरच्या पोथ्या यांची नोंद गावानेच करून ठेवावी. ज्वारीचे कोठार, पोथीचे भांडार आणि लमाणाचा तांडा ही तिन्ही या पठाराचीच लेकरे आहेत. त्यांपैकी एकालाही वगळून आखलेला विकास या जिल्ह्याचा विकास ठरणार नाही.