धरणापासून तोटीपर्यंत

धुळे-सोलापूर महामार्गाने दक्षिणेकडे जाताना पाचोड मागे पडले की वडीगोद्री हे गाव लागते. ते जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात आहे. तिथून थोडे पुढे शहागडला गोदावरी आहे, आणि वडीगोद्रीच्या परिसरातून जायकवाडी धरणाचा डावा कालवा जातो. नकाशावर पाहिले तर या भागाला पाण्याची ददात नसावी असेच कोणीही म्हणेल. तरीही जालना जिल्ह्यात २०१३ च्या आणि २०२४ च्या उन्हाळ्यात टँकर धावत होते. असे का व्हावे?

कालवा आणि नळ यांचा स्वभाव निराळा आहे. कालवा शेतीसाठी काढलेला असतो. त्याला पाणी सोडतात ते आवर्तनाने, म्हणजे काही दिवस पाणी आणि मग काही आठवडे कोरडा कालवा. पिकाला हे चालते, कारण माती पाणी धरून ठेवते. माणसाची तहान मात्र रोजची. शिवाय खालचा खडक म्हणजे काळा पाषाण. त्याच्या फटीफटींत मावेल तेवढेच पाणी विहिरीला मिळते आणि चैत्र-वैशाखात ते आटते. म्हणून पाणी कुठेतरी साठवायचे, तिथून नळाने आणायचे आणि रोज थोडे थोडे द्यायचे, हाच मार्ग उरतो.

आता थोडा हिशेब करू. कागद-पेन्सिल घ्या.

पैठणच्या जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी धरणाचे उद्घाटन केले. धरणामागच्या जलाशयाला नाथसागर म्हणतात. पूर्ण भरला की त्यात सुमारे २९०९ दशलक्ष घनमीटर पाणी मावते. यातले ७३८ दशलक्ष घनमीटर तळाशी राहणारे, म्हणजे मृत साठा. वापरता येणारे उरते २१७१ दशलक्ष घनमीटर. आता पाच हजार वस्तीचे एक गाव घ्या. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने दर माणशी रोज ५५ लिटर पाणी द्यावे असे ठरवले आहे. म्हणजे या गावाला रोज २ लाख ७५ हजार लिटर, अर्थात २७५ घनमीटर पाणी हवे. वर्षाचे झाले साधारण १ लाख घनमीटर. भागाकार करा. भरलेला नाथसागर अशा एकवीस हजारांहून अधिक गावांना वर्षभर पुरेल! मराठवाड्यात तेवढी गावेच नाहीत.

हा हिशेब कागदावरचा आहे हे मी आधीच सांगून टाकतो. धरण दर वर्षी भरत नाही, आणि भरले तरी बहुतेक पाणी शेतीला जाते. ते योग्यच आहे, त्यासाठीच तर धरण बांधले. पण पिण्यापुरते पाणी एकंदर साठ्याचा किती लहान हिस्सा आहे, हे यावरून कळते. मग ते लहानसे माप सुद्धा तोटीपर्यंत नीट का पोचत नाही? कारण वाटेत दोन चोर बसले आहेत.

पहिला चोर धरणावरच बसतो, आणि तो दिसत नाही. त्याचे नाव बाष्पीभवन.

नाथसागर पसरट आहे. पूर्ण भरल्यावर त्याचा विस्तार सुमारे ३५० चौरस किलोमीटर होतो. साठ्याला या क्षेत्रफळाने भागले की सरासरी खोली निघते जेमतेम सव्वाआठ मीटर. कोयनेचा शिवसागर जवळजवळ तेवढेच पाणी धरतो, पण सह्याद्रीच्या खोल दरीत असल्यामुळे त्याचा पसारा याच्या सुमारे एक-तृतीयांश आहे. पाणी उडते ते फक्त पृष्ठभागावरून. ताटात ओतलेला चहा कपातल्या चहापेक्षा लवकर का निवतो आणि आटतो, ते आठवा. पैठणचे धरण म्हणजे असे एक प्रचंड ताटच आहे. सपाट प्रदेशात धरण बांधायचे तर दुसरा इलाज नव्हता.

हे ताट दिवसाला किती गमावते? समजा, मे महिन्यात जलाशय उतरून त्याचा विस्तार १७५ चौरस किलोमीटर राहिला आहे आणि रोज ८ मिलिमीटर जाडीचा थर उडून जातो. मराठवाड्याच्या उन्हाळ्याला हा आकडा मुळीच जास्त नाही. १७५ चौरस किलोमीटर म्हणजे १७ कोटी ५० लाख चौरस मीटर. त्याला ०.००८ ने गुणा. उत्तर येते १४ लाख घनमीटर, म्हणजे १४० कोटी लिटर. एका दिवसाचे! माणशी ५५ लिटरने हे पाणी अडीच कोटी माणसांना पुरले असते. २०११ च्या जनगणनेत सगळ्या मराठवाड्याची लोकसंख्या दोन कोटींहूनही कमी होती.

आणखी एक तुलना पाहा. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी नेले होते, हे तुम्ही ऐकले असेल. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या. पुढे पन्नास वाघिणींच्या गाडीतून एका खेपेला २५ लाख लिटर पाणी जाऊ लागले. तेव्हा साऱ्या देशात त्याची चर्चा झाली. आपल्या हिशेबातला सूर्य मे महिन्याच्या एकाच दिवशी अशा ५६० गाड्या नेतो, आणि त्याची बातमी होत नाही.

हे थांबवता येईल का? शास्त्रज्ञांनी खटपट पुष्कळ केली. १९५० नंतर ऑस्ट्रेलियात मॅन्सफील्ड यांनी पाण्यावर सेटिल अल्कोहोल नावाच्या मेणचट पदार्थाचा पातळ पडदा पसरून पाहिला. पडदा किती पातळ? केवळ एका रेणूच्या जाडीचा! या पदार्थाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते आणि दुसरे पाण्यापासून दूर राहते. त्यामुळे रेणू शेजारी शेजारी काड्यांसारखे उभे राहतात आणि पाण्याच्या वाफेची वाट अडवतात. कल्पना फार सुंदर आहे, पण वारा सुटला की पडदा फाटून काठाला गोळा होतो. उन्हाळ्यात नाथसागरावर वारा नसेल असा दिवस कुठला? छोट्या तळ्यांना हा उपाय बरा, मोठ्या जलाशयाला तो पेलत नाही.

दुसरी युक्ती सावलीची. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात नर्मदेच्या एका शाखा-कालव्यावर २०१२ मध्ये सुमारे ७५० मीटर लांबीपर्यंत सौरपत्रांचे छत घातले. वीजही मिळाली आणि कालव्याला सावलीही झाली. तरंगत्या तराफ्यांवर सौरपत्रे मांडण्याची पद्धत आता जगभर आली आहे. पैठणच्या जलाशयावर ती आणावी अशी कल्पना पुढे आली, तेव्हा मोठा वाद झाला, आणि तो होणे साहजिक होते. १९८६ पासून नाथसागर पक्षी अभयारण्य आहे, तिथे दूरदूरचे पक्षी येतात आणि काठच्या मासेमारांची पोटे त्या पाण्यावर आहेत. पाणी वाचवायचे म्हणून पाण्यावर जगणाऱ्यांना हाकलायचे का, याचे उत्तर एकट्या पदार्थविज्ञानाला देता येणार नाही.

तिसरी युक्ती जुनी आणि, माझ्या मते, सगळ्यांत शहाणी : पाणी झाकून न्यायचे. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने आपल्या खडकी शहराला (आजचे छत्रपती संभाजीनगर) डोंगराच्या बाजूने जमिनीखालून पाणी आणले. त्या योजनेला नहर-ए-अंबरी म्हणतात. पाणी बंद मार्गाने उताराने वाहत येई, वाटेत हवा सुटण्यासाठी झरोके ठेवले होते, आणि ऊन पाण्याला शिवत नसे. पंप नाही, इंधन नाही! आज उघड्या कालव्यांऐवजी बंद नळ टाकतात त्यामागे हाच विचार आहे. जालना शहरालाही पैठणहून नळानेच पाणी येते.

पण थांबा. बंद नळाची एक दुसरी बाजू आहे आणि ती वडीगोद्रीसारख्या गावांनी विसरता कामा नये. कालव्यातून झिरपणारे पाणी वाया जाते असे आपण म्हणतो, पण ते जमिनीत मुरून काठच्या विहिरींना लागते. आवर्तन सुटले की कालव्याजवळच्या विहिरींची पातळी वर येते, हे कुठलाही शेतकरी सांगेल. उडालेले पाणी आपल्या हाती परत येत नाही, मुरलेले पाणी मात्र कुठेतरी भेटते. कालवा बंद नळात घातला तर धरणाचे पाणी वाचेल, आणि काठच्या विहिरी ते गमावतील. शेततळ्याचा हिशेबही असाच तपासावा लागतो. पावसाचे वाहून जाणारे पाणी शेततळ्यात अडवले तर उत्तमच. जालना जिल्ह्यातल्या कडवंची गावाने आधी पाणलोटाची कामे केली आणि मग शेततळ्यांच्या आधाराने द्राक्षे पिकवून नाव कमावले. पण जमिनीखालचे, सावलीतले पाणी उपसून प्लॅस्टिक अंथरलेल्या उघड्या तळ्यात भरायचे, म्हणजे पहिल्या चोराला आपणच दार उघडून देणे होय.

आता दुसरा चोर, गळती. हा गावातच असतो.

उंच टाकीतले पाणी घरापर्यंत येते ते दाबाने. टाकी वीस मीटर उंच असेल आणि जमिनीखालच्या नळाला ३ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे ज्वारीच्या दाण्यापेक्षाही बारीक भोक पडले असेल, तर किती पाणी जाईल? टॉरिसेलीच्या नियमाने पाण्याचा वेग निघतो सेकंदाला सुमारे २० मीटर. भोकाचे क्षेत्रफळ ७ चौरस मिलिमीटर. धार भोकातून निघताना आकसते, म्हणून उत्तराला ०.६ ने गुणायचे. नळात सतत पाणी असेल तर दिवसाला सुमारे ७ हजार लिटर पाणी त्या एका भोकातून जाते. हे सव्वाशेहून अधिक माणसांच्या वाट्याचे पाणी झाले.

यावर कोणी म्हणेल, पाणी रोज तासभरच सोडा, म्हणजे गळतीही तासाभराचीच होईल. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी असेच चालते. पण यात मोठा धोका आहे. पाणी बंद झाले की नळातले पाणी सखल भागाकडे ओसरते आणि वरच्या भागात दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. मग ज्या भोकातून पाणी बाहेर जात होते, त्याच भोकातून गटाराचे पाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी पहिला हंडा त्याचाच भरतो! टाकीत टीसीएल पावडर टाकली म्हणून निर्धास्त राहता येत नाही ते यामुळेच. तोटीशी येणाऱ्या पाण्यातही लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असावा लागतो. शिवाय उद्या पाणी येईल की नाही या धास्तीने घरोघर पिंपे भरून ठेवतात, त्यांत डेंग्यूचे डास होतात. आणि नवे पाणी आले की कालचे पाणी ‘शिळे’ म्हणून ओतून देतात, ते वेगळेच.

सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या मलकापूरने २००९ च्या सुमारास याच्या उलट केले. चोवीस तास पाणी सुरू ठेवले, प्रत्येक जोडणीला मीटर बसवले आणि जास्त वापराला जास्त दर लावला. पाणी कधीही मिळणार म्हटल्यावर साठवण्याची आणि ओतून देण्याची गरज राहत नाही. मात्र हे करण्याआधी गळती शोधून बुजवावी लागते, नाहीतर आपले ३ मिलिमीटरचे भोकही चोवीस तास चालू राहील.

पुरलेल्या नळाची गळती शोधायची कशी? ऐकून! जुने जाणते कर्मचारी रात्री गाव निजले की लोखंडी कांबीचे एक टोक नळावर टेकवत आणि दुसऱ्याला कान लावत. आज तेच काम दोन ध्वनिग्राहक करतात. समजा, ते लोखंडी नळावर शंभर मीटर अंतराने बसवले आहेत आणि गळतीचा आवाज एकाकडे दुसऱ्यापेक्षा ०.०२ सेकंद आधी पोचला. अशा नळात आवाजाचा वेग सेकंदाला १३०० मीटर धरला, तर अंतरातला फरक २६ मीटर येतो. म्हणजे भोक एका टोकापासून ३७ मीटरवर आणि दुसऱ्यापासून ६३ मीटरवर आहे. तिथेच खणायचे. प्लॅस्टिकच्या नळात आवाज हळू जातो आणि लवकर विरतो. आपल्या खेड्यांत तर हल्ली प्लॅस्टिकचेच नळ असतात, म्हणून हे यंत्र तिथे नीट काम करील अशी सोय करणे हे पुढच्या अभियंत्यांपुढचे काम आहे. सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याचे कामही मोठे आहे. नागपूरने आपले शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राला देऊन त्याची सुरुवात केली आहे. तेवढे नदीचे पाणी पिण्यासाठी मोकळे झाले.

दोन्ही चोर तुम्हांला स्वतः मोजता येतील. एक उभ्या काठाची परात गच्चीवर उन्हात ठेवा, तीत चार बोटे पाणी घाला आणि सकाळी त्याच वेळी पट्टीने खोली मोजा. कावळे-चिमण्या पाणी पितात, म्हणून वर जाळी टाका. तशीच दुसरी परात झाडाच्या सावलीत ठेवा आणि फरक लिहा. छोटी परात जलाशयापेक्षा जास्त तापते, तेव्हा तिचा आकडा थोडा मोठा येईल.

मग शाळेची टाकी घ्या. शनिवारी संध्याकाळी सगळ्या तोट्या घट्ट बंद करा, टाकीत येणारे पाणी थांबवा आणि गुरुजींच्या देखरेखीखाली पातळीवर खडूने खूण करा. सोमवारी सकाळी पुन्हा पाहा. टाकी २ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद असेल आणि पातळी ४ सेंटिमीटर उतरली असेल, तर १२० लिटर पाणी कोणीही न वापरता गेले. टाकीला झाकण नसेल, तर त्यातून बाष्पीभवनाचा वाटा वजा करा. तो आकडा परातीच्या प्रयोगातून तुमच्याकडे आलेला असेलच.