कॅमेऱ्याच्या भिंगातील आघात व कंपन : एका सूक्ष्म यंत्रणेचे अर्थकारण

दुचाकीच्या हँडलवर मोबाइल बसवून पत्ता शोधणारा वितरण कर्मचारी आज देशातील प्रत्येक शहरात दिसतो. त्याच्या दृष्टीने मोबाइल हे उपजीविकेचे अवजार आहे. माल पोहोचल्याचे छायाचित्र काढणे, पाकिटावरील बारकोड वाचणे, क्यूआर कोडद्वारे व्यवहार करणे ही सर्व कामे कॅमेऱ्यावर अवलंबून असतात. नीती आयोगाच्या जून २०२२ मधील अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात सुमारे ७७ लाख गिग कामगार होते. २०२९-३० पर्यंत ही संख्या २.३५ कोटी होईल, असा अंदाज त्यात वर्तविला आहे.

सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपल कंपनीने ग्राहकांसाठी एक सूचना प्रसृत केली. शक्तिशाली मोटारसायकलींच्या इंजिनांमुळे निर्माण होणाऱ्या तीव्र कंपनांचा दीर्घकाळ संपर्क आल्यास मोबाइलच्या कॅमेऱ्याची कार्यक्षमता घटू शकते, असा तिचा आशय होता. त्यामुळे भिंगाच्या यंत्रणेतील आघात व कंपन कसे कमी करावे, हा प्रश्न केवळ छायाचित्रणाच्या हौसेपुरता उरत नाही.

यंत्रणेचे स्वरूप

भिंग पुढेमागे सरकवून प्रतिमा आपोआप स्पष्ट करणे म्हणजे ऑटोफोकस होय. १९७७ मध्ये बाजारात आलेला कोनिका सी-३५ एएफ हा या सोयीचा मोठ्या प्रमाणावर उत्पादित झालेला पहिला कॅमेरा. १९८५ च्या मिनोल्टा ७००० मध्ये कॅमेऱ्यातील मोटर दंडाच्या साहाय्याने भिंग फिरवीत असे. १९८७ मध्ये कॅनन कंपनीने भिंगातच स्वनातीत मोटर बसविली. दातेरी चाकांची साखळी टळल्याने आवाज व हिसके कमी झाले आणि भिंग इच्छित जागी चटकन थांबू लागले.

मोबाइलमध्ये मात्र एवढी जागा नसते. तेथे ध्वनिवर्धकाच्या तत्त्वावर चालणारी 'व्हॉइस कॉइल मोटर' वापरली जाते. भिंगाभोवती तारेचे वेटोळे, बाजूला स्थायी चुंबक आणि वर-खाली पातळ धातूच्या पट्टीस्प्रिंगा, अशी तिची रचना असते. वेटोळ्यातून विद्युतप्रवाह गेला की चुंबकीय क्षेत्रामुळे बल निर्माण होते व भिंग सरकते. स्प्रिंग त्यास मागे खेचते. ही दोन्ही बले समान होतात तेथे भिंग स्थिरावते. हा सर्व प्रवास मिलिमीटरच्या काही दशांशांइतकाच असतो.

दोष कोठे उद्भवतो?

स्प्रिंगला टांगलेले वस्तुमान ढकलले की ते लगेच थांबत नाही. जडत्वामुळे ते इच्छित स्थानाच्या पुढे जाते, परत येते व काही काळ आंदोलत राहते. या आंदोलनांची नैसर्गिक वारंवारता १०० हर्ट्‌झ मानल्यास एका आंदोलनास १० मिलिसेकंद लागतात. अशी दहा आंदोलने झाली, तर सेकंदाला ३० चौकटी टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या तीन चौकटी अस्पष्ट येतात.

हे कंपन झाले. आघात ही वेगळी बाब आहे. भिंग आपल्या मार्गाच्या टोकाशी असलेल्या अडथळ्यावर आदळते, तेव्हा आघात होतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून आदळण्याचा वेग निम्मा केल्यास आघाताची ऊर्जा एकचतुर्थांश उरते.

तिसरा दोष बाहेरून येतो. मिनिटाला ६,००० फेरे घेणारे इंजिन सेकंदाला १०० फेरे घेते, म्हणजेच त्याच्या कंपनांची वारंवारता १०० हर्ट्‌झ असते. ती भिंगाच्या नैसर्गिक वारंवारतेशी जुळली की अनुनाद घडतो आणि लहानसे कंपनही वाढत जाते.

निवारणाचे उपाय

पहिला उपाय आज्ञेच्या स्वरूपाचा आहे. भिंग १० एकके सरकवायचे असता प्रवाह एकदम दिल्यास ते जवळजवळ २० एककांपर्यंत झेपावते. त्याऐवजी प्रथम ५ एककांपुरताच प्रवाह द्यावा. अर्ध्या आवर्तनकाळानंतर, म्हणजे ५ मिलिसेकंदांनी, भिंग १० एककांवर पोहोचते व त्या क्षणी त्याचा वेग शून्य असतो. नेमक्या त्याच क्षणी उरलेला प्रवाह दिला, तर ते तेथेच स्थिरावते. कॅमेरा बंद करताना प्रवाह टप्प्याटप्प्याने कमी केल्यास भिंग टोकावर आदळत नाही, हेही याच विचाराचे रूप होय.

दुसरा उपाय अवमंदनाचा. भिंगाचा धारक व चौकट यांच्यामध्ये जेलचा ठिपका ठेवला जातो. तो आंदोलनांची ऊर्जा शोषून घेतो. टोकाशी मऊ आधार दिल्यास आघाताचा कालावधी वाढतो व त्यामुळे बल घटते. तिसऱ्या उपायात हॉल संवेदक भिंगाचे प्रत्यक्ष स्थान सतत मोजतो आणि त्यानुसार प्रवाह दुरुस्त केला जातो. वाहनावर मोबाइल लावताना कंपनशोषक धारक वापरणे, हा वापरकर्त्याच्या हातातील उपाय आहे.

विकासाशी संबंध

पहिल्या उपायाची एक अट आहे : नैसर्गिक वारंवारता अचूक ठाऊक हवी. स्प्रिंगच्या जाडीत किंचित फरक पडला तरी ती बदलते आणि ५ मिलिसेकंदांचे गणित चुकते. म्हणजेच यंत्रणेची गुणवत्ता अखेर धातूच्या पातळ पट्टीच्या एकसारखेपणावर, अचूक साच्यांवर व काटेकोर चाचण्यांवर विसंबते. सुट्या भागांचे ज्ञान व मूल्य एकवटते ते येथेच.

शासकीय आकडेवारीनुसार भारतातील मोबाइल उत्पादन २०१४-१५ मधील सुमारे १८ हजार कोटी रुपयांवरून २०२४-२५ मध्ये सुमारे ५.४५ लाख कोटी रुपयांवर गेले. तथापि उत्पादनाचे एकूण मूल्य आणि देशात झालेले मूल्यवर्धन या भिन्न संकल्पना आहेत. आयात भाग जोडून तयार केलेल्या वस्तूची किंमत मोठी दिसली, तरी तिच्यातील देशांतर्गत वाटा अल्प असू शकतो. ही उणीव ओळखूनच केंद्रीय मंत्रिमंडळाने २८ मार्च २०२५ रोजी २२,९१९ कोटी रुपयांची इलेक्ट्रॉनिक्स घटक उत्पादन योजना मंजूर केली. कॅमेरा मॉड्यूलच्या जोडणीचा त्यात समावेश आहे. परंतु मॉड्यूलची जोडणी देशात झाली, तरी त्यातील स्प्रिंग, चुंबक व संवेदक बाहेरूनच आल्यास मूल्यवर्धनाची साखळी अपुरीच राहील.

टिकाऊपणाचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. यंत्रणा बिघडल्यास बहुधा संपूर्ण मॉड्यूल बदलावे लागते. दुरुस्तीच्या खर्चात रोजंदारी बुडाल्याचीही भर पडते. डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'दुरुस्तीचा अधिकार' संकेतस्थळाचे महत्त्व या दृष्टीने लक्षात येते.

भारतीय रस्त्यांवर, दुचाकीवर, दिवसाचे दहा-बारा तास वापरला जाणारा मोबाइल ही येथील वस्तुस्थिती आहे. या परिस्थितीस अनुरूप कंपनचाचण्यांचे निकष आखणे आणि त्यांस उतरणारे भाग येथेच घडविणे, ही उद्योग, तंत्रशिक्षण व शासन यांची संयुक्त जबाबदारी ठरते. मिलिमीटरच्या काही दशांशांत भिंग बिनधक्का थांबविण्याचे कौशल्य ज्या देशापाशी असते, त्याला केवळ जुळणीच्या मजुरीवर समाधान मानावे लागत नाही.