शहरातील फेऱ्यांसाठी जुनी लहान मोटार घेताना



ऊस विकास विभागाच्या या पानावर बेणे, लागण, खोडवा आणि पाचट यांखेरीज दुसरे काही आम्ही सहसा लिहीत नाही. परंतु अलीकडे गट ऑफिसात बसले की, बिल जमा झाल्यावर येणाऱ्या सभासदाचा पहिला प्रश्न खताचा नसतो. तो विचारतो, "साहेब, एक जुनी फोरव्हीलर बघतोय, कुठली घेऊ?" कुणाची मुलगी सांगलीला शिकते, कुणाच्या आईला महिन्यातून दोनदा मिरजेच्या दवाखान्यात न्यावे लागते, कुणी दोन मुले आणि मंडळींना एकाच मोटारसायकलवर बसवून भर पावसात साताऱ्याला जातो. गरज खरी आहे, चैन नव्हे. सबब या वेळी उसाला थोडी विश्रांती देऊन याच विषयावर लिहितो. आम्ही मोटारीतले तज्ज्ञ नव्हे, शेतकी पदविकावाले. मात्र या व्यवहारात आम्ही स्वतः एकदा सपाटून फसलेलो आहोत, त्याची हकीकत पुढे येईलच.

आधी हिशेब करू. टनाला तीन हजार रुपये हातात पडतात असे धरा. अडीच लाखांची गाडी म्हणजे ८३ टनांवर ऊस झाला. एकरी ४० टन काढणाऱ्याचा हा दोन एकरांहून जास्त फड, आणि तोसुद्धा नांगरट, बेणे, खत, पाणी यांचा खर्च वजा न करता. तेव्हा अडीच लाख हाताशी असतील तर गाडी दोन-सव्वादोनच्या आतलीच बघावी. उरलेले पैसे टायर, बॅटरी, क्लच प्लेट, विमा आणि नावावर करण्याचा खर्च यांतच जातात, ते कुणाला चुकले नाहीत. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्या गाडीपेक्षा चढा असतो, हेही ध्यानात ठेवा. आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जी.एस.टी. २८ टक्के अधिक उपकर होता तो १८ टक्क्यांवर आला, नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या. जुन्या गाडीचा मालक मात्र बहुधा त्याआधीचाच भाव सांगत बसतो. सौद्याला जाण्याआधी त्याच गाडीची नवी किंमत शोरूममध्ये विचारून या.

आधी रस्ता, मग गाडी

फुले २६५ चोपण रानातही तग धरतो म्हणून तो सगळ्यांनीच लावावा असे आम्ही कधी सांगत नाही. रान बघून वाण सांगतो. गाडीचेही तसेच आहे. तुमची गाडी कुठे चालणार? गावातून निघून पंधरा-वीस किलोमीटर, मग सांगलीत गणपती पेठेच्या गर्दीत किंवा साताऱ्यात पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, आणि परत. वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर झाले तरी पुष्कळ. असल्या वापराला पेट्रोल गाडीच योग्य. आपल्याकडे ट्रॅक्टर डिझेलवर चालतो म्हणून मोटारही डिझेलचीच हवी असा हट्ट फार दिसतो. डिझेल इंजिन लांबच्या पल्ल्याला चांगले, पण शहरातल्या तुटक फेऱ्यांत ते नीट तापतच नाही. त्यात इंजेक्टर-पंपाचे काम निघाले की वर्षभर वाचवलेले इंधन एका बिलात जाते. २०२० नंतरच्या बी.एस.-६ डिझेल गाड्यांत धूर गाळणारी जाळी असते, तीही कमी वेगाच्या फेऱ्यांनी तुंबते.

घरातील जुन्या मंडळींना अजून मारुती ८०० ची ओढ आहे. ती १९८३ च्या डिसेंबरात आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. म्हणजे सर्वांत शेवटची गाडीही आता दहा वर्षांच्या वर गेली. आठवण म्हणून ठीक, आईला दवाखान्यात न्यायला नको. आमच्या मते आपल्या कामाला पहिली वॅगनआर. उंच बसक असल्याने गुडघे दुखणाऱ्या माणसाला आणि नऊवारीतल्या आजीला वाकावे लागत नाही, सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात आणि कोणताही मिस्त्री तिला हात लावतो. चार माणसांचे लहान कुटुंब आणि पैसा बेताचा असेल तर अल्टो. स्टिअरिंग-क्लच हलके हवे, घरातील बाईमाणसे किंवा मुलगी चालवणार असेल तर आय-टेन किंवा ग्रँड आय-टेन चालवून बघा. पत्रा मजबूत हवा म्हणणाऱ्याने टाटांची टियागो बघावी. २०१६ मध्ये आलेल्या या गाडीला २०२० च्या ग्लोबल एनकॅप धडक-चाचणीत मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी पाचपैकी चार तारे मिळाले. उलट २०१४ साली याच संस्थेने अल्टो ८०० व आय-टेनची एअरबॅग नसलेली मॉडेले तपासली, तेव्हा त्यांना एकही तारा मिळाला नव्हता. म्हणून वर्षाकडे लक्ष द्या. जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, ए.बी.एस. ब्रेकही त्याच वर्षापासून. शेजारच्या सीटची एअरबॅग २०२१ च्या अखेरीपासून. ऐपत असेल तर २०१९ च्या मध्यानंतरचीच गाडी घ्या. चकचकीत म्युझिक सिस्टीमची २०१५ ची आणि साधीच २०१९ ची एकाच भावात मिळत असतील तर आम्ही साधी घेऊ.

शेवरले २०१७ मध्ये भारतातून विक्री आवरून गेली, फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले, डॅटसन २०२२ मध्ये बंद झाली. त्यांच्या गाड्या स्वस्त मिळतात, काही खरोखर चांगल्याही आहेत. पण एका आरशासाठी पुण्या-मुंबईला फोन लावत बसायची तयारी असेल तरच त्यांच्या वाटेला जा.

गाडी बघायला सकाळी जा, आणि येतोय असे अर्धा तासच आधी कळवा. बॉनेटला हात लावून बघा. गरम लागले तर ती तुमच्यासाठी आधीच सुरू करून ठेवली आहे, थंड इंजिनाचा दोष आता दिसणार नाही. सुरू केल्यावर निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर पाणी मिसळले असण्याचा संभव आहे, मिस्त्रीला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. क्लच तपासायला चढ हवा. साताऱ्याच्या सभासदांना यवतेश्वरची चढण आहे, तिथे गाडी थांबवून पुन्हा उचलून बघा. सांगलीकरांना चढ कुठला, त्यांनी एखाद्या पुलाच्या चढावर भागवावे. इंजिन ओरडते आणि गाडी रेंगाळते, तर क्लच प्लेट गेली. बिनक्लचची ए.एम.टी. गाडी (सेलेरिओपासून २०१४ मध्ये ही सोय लहान गाड्यांत आली) घेणार असाल तर ती चढावर मागे किती सरकते हे स्वतः बसून पाहा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. गाडी २०१९ ची, ३० हजार किलोमीटर चालली म्हणतात आणि चारही टायर गेल्या वर्षीचे, तर मीटर खरे बोलत नाही असे समजा. जुनी ७९६ सीसीची अल्टो आणि १.१ लिटरची आय-टेन यांना टायमिंग बेल्ट असतो. तो शेवटचा केव्हा बदलला याचे बिल मागा. बिल नसेल तर बेल्टचा खर्च किमतीतून वजा करा.

आपल्या भागापुरती एक खूण सांगतो. डिकीतली चटई उचला. खताची पोती वाहिलेल्या गाडीचा पत्रा तिथे आतून खाल्लेला असतो. आणि फडाकडेच्या गोठ्यात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या वायरी उंदरांनी शाबूत ठेवल्यात का, तेही पाहा.

पुराचे पाणी

आता आमची हकीकत. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. किती उसाचे नुकसान झाले ते तुम्हांला आम्ही सांगायला नको. पण त्याच पाण्यात दारातल्या, पार्किंगमधल्या कित्येक मोटारीही बुडाल्या. अशी गाडी विमा कंपनीने पूर्ण नुकसानीत काढली की भंगाराच्या भावात विकली जाते. त्यातल्या काही धुऊन-पुसून, सीटकव्हर बदलून पुन्हा बाजारात उभ्या राहतात.

२०२० च्या सुरुवातीला आम्ही अशीच एक घेतली. व्यापाऱ्याचे व गावाचे नाव घेत नाही. पहिला मालक, कमी किलोमीटर, आतून अत्तराचा घमघमाट. भाव बाजारापेक्षा तीस हजारांनी कमी, आणि आम्ही खूश. जूनचा पहिला पाऊस पडला आणि काचा आपोआप खाली येऊ लागल्या. एअरबॅगचा दिवा लागला तो विझेना. इलेक्ट्रिशियनने पायाखालचा गालिचा उचलला तर खाली वाळलेला, भेगाळलेला बोटभर गाळ. तो गाळ आम्ही बघताक्षणी ओळखला. नदीकाठच्या रानात जन्म गेला, कृष्णेचा पोयटा आम्हांला कळणार नाही? घरून ऐकावे लागले, "अहो, दुसऱ्याच्या रानातली माती परीक्षणाला पाठवता, आपल्या गाडीतली बघितली नाही होय?" यावर उत्तर नव्हते. वायरिंगवर दोन वर्षे खर्च केला, शेवटी गाडी भंगारात दिली आणि नोंदणी रद्द करून घेतली. दुसऱ्या सभासदाच्या गळ्यात मारायला मन झाले नाही.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला, तेव्हा त्या वर्षीच्याही गाड्या फिरत आहेत असे धरूनच चला. तपासायला पाच मिनिटे लागतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. वरचा पट्टा स्वच्छ आणि आतल्या टोकाला मातकट रेघ असेल तर निघून या. स्टेपनी उचलून तिच्याखाली, सीटच्या रुळांवर आणि फ्यूजच्या डब्यात गाळ किंवा गंज आहे का ते बॅटरी मारून पाहा. अत्तर जास्त असेल तर काचा लावून, गाडी उन्हात उभी करून दहा मिनिटांनी दार उघडा, कुबट वास लपत नाही. आणि जुनी विमा पॉलिसी मागा. क्लेम न घेतल्याबद्दल दर वर्षी सवलत वाढत जाऊन पाच वर्षांनी ५० टक्के होते. गाडी पाच-सहा वर्षे एकाच मालकाकडे असून सवलत शून्य असेल, तर क्लेम कशाचा घेतला ते विचारा. (ही सवलत मालकाची असते, गाडीबरोबर तुमच्याकडे येत नाही.)

आपलेच इथेनॉल

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉल आपल्याच मळीतून आणि रसातून निघते, त्याची बाजू घेणे आमच्या पोटापाण्याचे आहे. तरीही सांगतो. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्या या पेट्रोलला धरून तयार झाल्या, त्याआधीच्या सगळ्याच नाहीत. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार जुन्या धाटणीच्या चारचाकीचे ॲव्हरेज यामुळे सहा-सात टक्क्यांनी घटू शकते. म्हणजे १८ देणारी गाडी सतराच्या आसपास येईल. हिशेब तेवढा धरा. जुन्या गाडीचे पेट्रोलचे रबरी पाइप कडक पडलेत का, वास येतो का, हे मिस्त्रीकडून तपासून घ्या. आणि गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नका, इथेनॉल ओलावा ओढून घेते.

कागद

सात-बारा न बघता रान घेणारा माणूस आमच्या गटात नाही, पण आर.सी. न बघता गाडीचा विसार देणारे पुष्कळ आहेत. चॅसी नंबर स्वतः वाचून आर.सी.शी ताडून घ्या. आर.सी.वर बँकेचा बोजा असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण व पर्यावरण कर लागतो, म्हणून चौदा वर्षांची गाडी स्वस्त दिसते ती उगाच नव्हे. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, दंडाची चलने थकलेली नाहीत ना, हे आधी बघा. बेळगाव पासिंगची गाडी स्वस्त म्हणून आणाल तर तिकडची एन.ओ.सी. लागते आणि इथला रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो. एम.एच.-१०, ११ किंवा ५० ची घेतलेली बरी, मालक आणि मिस्त्री दोघेही चौकशीला जवळ सापडतात.

टी.टी. फॉर्म म्हणजे २९ आणि ३०. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी देण्या-घेण्याची आपल्याकडे वाईट रीत आहे. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव लावून घ्यायचे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असाच मामला आला होता. गाडी एकाने विकली, ती हातोहात फिरली, नाव कुणीच बदलले नाही आणि मग अपघात झाला. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी कागदावर नाव असलेल्या मूळ मालकावर टाकली. तेव्हा आपली जुनी गाडी देताना तारीखच नव्हे तर किती वाजता ताबा दिला तेही घालून दोघांच्या सह्यांचा कागद करा, घेणाऱ्याच्या आधारकार्डाची झेरॉक्स ठेवा आणि नाव बदलले की नाही हे महिन्याने स्वतः ऑनलाइन बघा. विम्यावरचे नावही १४ दिवसांत बदलून घ्यावे लागते. ते राहिले तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा क्लेम अडकतो.

ज्यांना एकट्याने जायला संकोच वाटतो त्यांनी शनिवारी दुपारनंतर गट ऑफिसात यावे, लागण नोंदीचे काम आटोपले असेल तर आम्ही सोबत येऊ. येताना आर.सी. आणि विम्याची झेरॉक्स आणावी, व एक बॅटरीही आणावी. आमच्या बॅटरीचे सेल पाणीपाळीच्या रात्री संपलेले असतात.