‘मी’ कसा लिहावा?

लेखनाच्या तासाला सरांनी विषय दिला, ‘मी’. वह्या वाचल्या तेव्हा बहुतेकांनी एकच लिहिले होते: नाव, हाऊस, आवडता खेळ आणि ‘मला सैन्यात अधिकारी व्हायचे आहे’. वरचे नाव झाकले असते, तर वही कोणाची ते ओळखता आले नसते.

मग सरांनी मुक्ता साळवे यांची ओळख करून दिली. मुक्ता पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकत होती. वयाने ती साधारण आपल्याएवढीच. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये दोन भागांत छापून आला. ‘आमच्यावर अन्याय होतो’ एवढे लिहून ती थांबली नाही. बाळंतपणात बायकांच्या डोक्यावर छप्पर नसते, थंडीपावसात त्यांचे हाल होतात, हे तिने लिहिले. आमचा धर्म कोणता, हेही तिने देवाला विचारले. निबंध साऱ्या समाजाविषयी आहे, पण तो वाचताना मुक्ता कोण होती हे कळते.

यातून मी तीन गोष्टी शिकलो.

१. मोठे शब्द टाळावेत. आपण स्वतः पाहिलेली एक गोष्ट नीट सांगावी.

२. जो प्रश्न आपल्याला खरोखर छळतो, तो लिहावा. उत्तर सापडले नसले तरी चालते.

३. किती सांगायचे हे लिहिणाऱ्याने ठरवावे. ऐकणाऱ्याने ते वर्गाबाहेर थट्टेचा विषय करू नये. ही शिस्त परेडइतकीच महत्त्वाची आहे.

दुसऱ्या वेळी मी लिहिले: ‘रविवारी घरचा फोन आला की मी आवाज खाली करतो. माझी गावाकडची बोली ऐकून मुले हसतील असे वाटते. आई विचारते, “बरं नाही का रे?” मी खरे कारण सांगत नाही.’

वाचताना माझे हात थरथरत होते. कोणी हसले नाही. रात्री मेसमध्ये कोडगूचा एक मित्र शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, “मीसुद्धा घरी फोनवर हळूच बोलतो.” तीन वर्षे आमचे पलंग शेजारी आहेत, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

पुढच्या रविवारी मी आईशी नेहमीच्या आवाजात बोललो.

करून पाहा: नाव न लिहिता स्वतःविषयी दहा ओळी लिहा. मित्राने वही ओळखली, तर लेख जमला.