जीभ अडते की विचार?

प्रश्न : माझ्या ताईला काही वर्षांपासून मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. ती शाळेत गणित शिकवायची. हल्ली तिचं बोलणं तुटक झालंय. मधेच थांबते, शब्द ओठावर आहे पण येत नाही म्हणते. घरातले आडून बोलतात, 'हिचं डोकंही आता चालत नाही.' मला ते पटत नाही, पण ठामपणे नाही म्हणायचं तर धीरही होत नाही. बोलणं बिघडलं म्हणजे बुद्धीही बिघडली, असं असतं का? – एक वाचक, अकोला

उत्तर : बोलणं बिघडलं म्हणून बुद्धी बिघडली, असं म्हणता येत नाही. घरातल्यांना एवढं तरी तुम्ही ठामपणे सांगू शकता. मात्र मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये (एमएस) बोलण्याचा आणि विचारांचा काही संबंधच नाही, असंही नाही. संबंध आहे, आणि तो प्रामुख्याने वेगाचा आहे.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांमधल्या मायलिनवरच हल्ला करते. मायलिन म्हणजे मज्जातंतूंभोवतीचं स्निग्ध आवरण. विजेच्या तारेवरच्या प्लास्टिकसारखं, असं नेहमी सांगतात, पण त्याचं काम त्याहून मोठं आहे. या आवरणात ठरावीक अंतरावर खाचा असतात आणि संदेश एका खाचेवरून थेट पुढच्या खाचेवर जातो. त्यामुळे जाड तंतूंमधून तो सेकंदाला शंभर मीटरच्या आसपासही धावू शकतो. आवरण गेलं की तोच संदेश फार मंदावतो, कधी वाटेतच विरतो. हे नुकसान मेंदूत नेमकं कुठे झालंय, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

बोलायला ओठ, जीभ, टाळू, स्वरयंत्र आणि श्वास यांचा मेळ लागतो. तो मेळ राखण्यात लहान मेंदूचा मोठा वाटा असतो. तिथे किंवा तिथून निघणाऱ्या मार्गांवर मायलिन गेल्याचे डाग पडले की वाक्याची लय मोडते. 'मला चहा दे' हे 'म… ला… च… हा… दे' असं, प्रत्येक अक्षरावर सारखाच जोर देत येतं. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचं नीट वर्णन केलं, तेव्हा असं तुटक बोलणं हे त्यांनी त्याचं एक ठळक लक्षण मानलं होतं. प्रत्यक्षात ते सगळ्यांमध्ये दिसत नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये १९७२ साली १६८ रुग्णांचं बोलणं तपासलं, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांचं बोलणं एकंदरीत सामान्य निघालं. ज्यांना त्रास होता त्यांच्यातही कुणाचा आवाज घोगरा, कुणाचा हवा तसा लहानमोठा न होणारा, कुणाचे उच्चार अस्पष्ट. हा सगळा स्नायूंच्या नियंत्रणाचा दोष आहे. वाक्य मनात पूर्ण तयार असतं, ते बाहेर पडताना अडतं.

शार्को यांनी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली होती. या रुग्णांची स्मरणशक्ती दुबळी होते आणि कल्पना मनात सावकाश आकार घेतात, ही. पुढे कित्येक दशकं वैद्यकाने तिकडे फारसं लक्ष दिलं नाही; एमएस हा चालण्याचा, दिसण्याचा, लघवीचा आजार म्हणूनच शिकवला गेला. मला हे दुर्लक्ष फार मोठं वाटतं, कारण त्या काळात असंख्य रुग्णांना 'हे तुमच्या मनाचे खेळ आहेत' असंच ऐकून घ्यावं लागलं असणार. १९९१ मध्ये स्टीफन राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांची निरोगी माणसांशी तुलना केली. त्यात सुमारे ४३ टक्के रुग्णांमध्ये बोधनक्षमतेत (लक्ष, स्मरण, विचार यांत) घट आढळली. म्हणजे ती बऱ्याच जणांत असते, पण सरसकट नसते.

आणि जी घटते ती बहुधा समज नव्हे. व्याकरण, शब्दांचे अर्थ, आयुष्यभर कमावलेलं ज्ञान बहुतेकांचं शाबूत राहतं. मंदावतो तो माहितीवर काम करण्याचा वेग. तो मोजायची एक साधी चाचणी जगभर वापरतात. कागदावर वरच्या ओळीत नऊ चिन्हं आणि प्रत्येकाखाली १ ते ९ पैकी एक अंक. खाली नुसत्या चिन्हांच्या रांगा. ९० सेकंदांत जितक्या चिन्हांचे अंक सांगता येतील तितके सांगायचे. यात अवघड असं काहीच नाही, घाई तेवढी आहे, आणि घाईतच फरक उघडा पडतो. ताईंना एखादं गणित घड्याळ न लावता घालून पाहा. रीत चोख असेल आणि फक्त वेळ जास्त लागत असेल, तर घरातल्यांचा गैरसमज काय आहे ते त्यांनाच दिसेल.

आता दोन्ही गोष्टी एकत्र येतात त्या संभाषणात. समोरच्याचं ऐकायचं, ते ध्यानात ठेवायचं, उत्तर जुळवायचं, नेमका शब्द शोधायचा आणि आपली पाळी चुकू द्यायची नाही, हे सगळं एकाच वेळी. विचाराचा वेग थोडा उतरला तरी इथे लगेच कळतं. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो इथल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं, की एमएस झालेल्यांचा बोलण्याचा वेग आणि माहिती हाताळण्याचा वेग यांचा एकमेकांशी संबंध आहे. म्हणजे सावकाश बोलण्याला नेहमी जीभच जबाबदार असते असं नाही.

म्हणून थांबा कुठे पडतो, ते ऐका. शब्दाच्या आतच अक्षरं सुटी पडत असतील, उच्चार जड असेल, तर अडचण बहुधा स्नायूंची. उच्चार स्वच्छ आहे, पण नेमक्या शब्दाच्या आधी गाडी थांबते, 'ते… हे… आपलं ते' असं होतं, तर शब्द सापडायला वेळ लागतोय. तुमच्या पत्रावरून ताईंमध्ये दोन्ही थोडं थोडं असावं असं वाटतं. पण ते ठरवायचं काम तपासणीचं.

त्या तपासणीत एक मेख आहे. वर सांगितलेली चाचणी बहुतेकदा तोंडी घेतात. ज्याची जीभ जड आहे, त्याचे गुण मेंदू चपळ असूनही कमी येऊ शकतात. पेन स्टेट विद्यापीठातले पीटर आर्नेट यांनी २००७ मध्ये हेच दाखवून दिलं. म्हणून आधी 'प-त-क, प-त-क' असं भराभर म्हणायला लावून जिभेचा वेग बघावा आणि मगच निकालाचा अर्थ लावावा. मानसशास्त्रज्ञांकडे गेलात तर हे आवर्जून विचारा.

अकोल्यात राहता म्हणून आणखी एक. उन्हाळ्यात ताईंचं बोलणं आणि लक्ष दोन्ही बिघडत असेल, तर घाबरू नका. मायलिन गेलेले तंतू शरीराचं तापमान जरा वाढलं तरी नीट काम करत नाहीत. श्रमानंतर रुग्णांची दृष्टी तात्पुरती अंधुक होते, हे विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये नोंदवलं; त्यामागे हेच कारण असल्याचं पुढे कळलं. गारवा मिळाला की तंतूंचं काम पूर्ववत होतं. ताप किंवा लघवीचा संसर्ग झाला तरी असंच होतं, तेव्हा आधी त्यावर इलाज करावा. पण ताप नसताना बोलण्यात नवा बिघाड झाला आणि तो दिवसभरात गेला नाही, तर न्यूरॉलॉजिस्टना लगेच कळवा. काही सेकंद जीभ एकदम जड होते आणि पुन्हा ठीक होते, असे झटके दिवसातून वारंवार येत असतील तर तेही सांगा. त्यावर औषध आहे.

घरात मात्र औषधाविना पुष्कळ करता येतं. टीव्ही बंद करून बोला. एका वेळी एकच प्रश्न विचारा. महत्त्वाचं बोलणं सकाळी, ताई थकायच्या आधी उरकून घ्या. आणि त्या थांबल्या की त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. पाच-सहा माणसं असं करायला लागली की माणूस बोलायचंच सोडून देतो, आणि मग गप्प बसण्यालाही लोक आजारच समजतात. उदासीही विचार मंदावते, म्हणून तिची चौकशी डॉक्टरांकडे वेगळी करा.

बोलण्यासाठी स्पीच थेरपिस्टची मदत घ्या. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत ही सोय आहे, आणि मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाच्या मुंबई-पुण्याच्या शाखांकडून जवळच्या तज्ज्ञांची माहिती मिळू शकेल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी आहे. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी जाल तेव्हा फक्त हातापायांची ताकद पाहून कागद पुरा करू देऊ नका. बोलण्याची तपासणीही करायला सांगा, कारण वाचा व भाषा हा त्याच कायद्यात स्वतंत्र प्रकार आहे.