माळ्यावरचे उदमांजर

प्रश्न : आमच्या कौलारू घराच्या माळ्यावर उदमांजर शिरले आहे. पिंजरा लावावा काय?

उत्तर : मुळीच नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास अभय दिले आहे, शिवाय आई पकडली गेल्यास माळ्यावरची पिले उपाशी मरतील. पिले नाहीत अशी खात्री झाल्यावर, ज्या फटीतून त्याची ये-जा चालते तिच्या तोंडाशी तिन्हीसांजेस राख पसरावी, आणि बाहेर जाणारी पावले तीत उमटलेली दिसताच, फलाहारार्थ निघालेले ते जनावर पहाटे परतण्यापूर्वी, जाड तारेच्या जाळीने फटीचा बंदोबस्त करावा. कौलांवर एखाद्या झाडाची फांदी टेकलेली असल्यास ती मात्र छाटलीच पाहिजे. नाहीतर तिच्यावरून ते पुन्हा छपरावर येईल आणि सारा खटाटोप व्यर्थ. पिले असल्यास ती आईमागे हिंडू लागेपर्यंत दम धरावा, आणि अडचण पडल्यास महाराष्ट्रात वनखात्यास १९२६ या क्रमांकावर वर्दी द्यावी.