पाय हलतात का, हे रात्री कोण बघणार?

महाधमनीचा फुगवटा छातीपासून पोटापर्यंत पसरलेला असला, की ऑपरेशनला संमती देताना घरच्यांचा जीव हृदयात आणि किडनीत अडकलेला असतो. पाय लुळे पडण्याचा धोका संमतीपत्रात एका ओळीत उरकतो. मज्जारज्जूला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या याच महाधमनीच्या पाठीकडून निघतात, आणि कृत्रिम नळी बसवताना त्यांतल्या बऱ्याच बंद होतात. ह्यूस्टनचे सर्जन क्रॉफर्ड यांच्या १५०९ रुग्णांचा आढावा १९९३ साली आला. त्यात १६ टक्के रुग्णांच्या पायांतलं बळ कमी झालं होतं किंवा पार गेलं होतं. आज हे प्रमाण चांगल्या केंद्रांत बरंच खाली आलं आहे, पण शून्य नाही.

सर्जनचा हात चपळ असला की झालं, असं अनेकांना वाटतं. मला ते अर्धवट वाटतं. काही रुग्ण भुलीतून उठल्यावर पाय नीट हलवतात आणि काही तासांनी किंवा दिवसांनी त्यांचे पाय जातात. तोवर ऑपरेशनसाठी महाधमनीवर लावलेला चिमटा कधीच निघालेला असतो. मज्जारज्जूला रक्त ढकलणारा दाब म्हणजे सरासरी रक्तदाबातून मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाचा दाब वजा केल्यावर उरतो तो. म्हणून रक्तदाब चढा ठेवायचा आणि कमरेतून बारीक नळी घालून द्रव थोडाथोडा काढायचा. सर्जन कोसेली यांनी १४५ रुग्णांत हा नळीचा उपाय तपासला, निष्कर्ष २००२ साली आले: नळीविना १३ टक्के रुग्णांचे पाय अधू झाले, नळी असलेल्यांत २.६ टक्के.

नळीचेही धोके आहेत, हा आक्षेप खरा आहे. द्रव भराभर काढला तर डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. त्यामुळे सरसकट नळी नको, असं कुणी डॉक्टर म्हणाले तर मी वाद घालणार नाही; मात्र मग अपरात्री नळी घालू शकणारा भूलतज्ज्ञ हजर असेल का, आणि आयसीयूत दर तासाला पाय हलतात का ते कोण बघेल, हे आधीच विचारावं. महाधमनीत स्टेंट बसवून घेणाऱ्यांनीही हे विचारावं. तिथे मोठी चीर नसते, पण स्टेंट त्याच बारीक धमन्यांची तोंडं आतून झाकतो, आणि जितका लांब तितका धोका जास्त.

घरी आल्यावर बीपीच्या जुन्या गोळ्या सवयीने सुरू करू नयेत आणि मनाने बंदही करू नयेत. दाब किती ठेवायचा ते लिहून घ्यावं. पाय जड वाटले, लघवी अडली, तर मालीश किंवा फिजिओथेरपीत वेळ न घालवता थेट ऑपरेशन झालेल्या हॉस्पिटलात जावं, कारण पहिल्या काही तासांतच रक्तदाब वाढवला तर पाय परत येण्याची शक्यता असते.